मंत्रीसाहेब, ती दुसरी गुलाबी रेघ मी स्वतः बघितली

मा. मंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

कुठल्या खात्याचे मंत्री ते वर लिहिलेलं नाहीये, कारण मलाच अजून कळलेलं नाही. मी डीएमएलटी करतेय, म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्यांचा डिप्लोमा. कुणी म्हणतं तुमचं खातं सार्वजनिक आरोग्य, कुणी म्हणतं छे, शिक्षण आहे म्हणजे वैद्यकीय शिक्षण. दोन्हीकडे मंत्री वेगळे, सचिव वेगळे, त्यामुळे ज्यांच्या हातात हे पत्र पडेल त्यांनी ते आपलंच समजावं ही नम्र विनंती.

मी सिन्नरची. पप्पा मुसळगाव एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. बारावी सायन्सनंतर नाशिकच्या एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटला ॲडमिशन घेतलं, फी वर्षाला 70 हजार. मुलींना उच्च शिक्षण मोफत ही तुमची 2024 ची घोषणा ऐकून आईने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, पण ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या ते आपल्याकडे लागू नाही, तो जीआर कॅप राऊंडवाल्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन देणाऱ्या कॉलेजांना. बरं. एसटीत हाफ तिकीट दिलंत त्याबद्दल मात्र मनापासून आभार, रोज सिन्नर-नाशिक तेवढंच परवडतं.

आता मुद्दा. मागच्या मंगळवारी मला नीडल प्रिक झालं, म्हणजे पेशंटला वापरलेली सुई मला टोचली.

शेवटचे सहा महिने इंटर्नशिप असते, मी एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबला आहे. सकाळी साडेसहाला वॉर्डातलं कलेक्शन, म्हणजे पेशंटांचं रक्त काढायचं. एक आजी होत्या, खुबा मोडलेला, ऑपरेशनआधीची सगळी तपासणी काढायची होती. नस सापडेना, तिसऱ्यांदा मनगटाजवळ सापडली, आजी बिचाऱ्या मलाच म्हणत होत्या, घाबरू नको गं बाई, काढ हळूहळू. रक्त निघालं, जांभळ्या ट्यूबमध्ये घातलं, लाल ट्यूबमध्ये घातलं आणि सुई टाकायला वळले. सुया टाकायला पांढरा, न भोसकला जाणारा डबा लागतो, तो पाऊण भरला की बंद करायचा असं आम्ही पाठ केलंय, पेपरात चार मार्कांना येतं. वॉर्डात होता फिनाईलचा रिकामा कॅन, तोंडापर्यंत भरलेला. माझी सुई आत जाताना आतली एक वर उसळली, हात मागे घेतला तर माझीच सुई डाव्या अंगठ्यात. ग्लोव्ह फाटला नाही, नुसतं एक टिंब, आणि आतून लाल पसरायला लागलं.

सिनिअर म्हणाला पिळ, जोरात पिळ. पुस्तकात लिहिलंय पिळू नका, साबण लावून वाहत्या पाण्यात धुवा. मी धुतलं. मग म्हणाला रजिस्टरला लिहू नको, इन्स्पेक्शन आहे.

आणि पुढची गंमत बघा साहेब, आजींचं सॅम्पल मीच खाली नेलं, मीच सेंट्रिफ्यूज केलं, म्हणजे मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं केलं, आणि त्यांची कार्डं, म्हणजे झटपट टेस्टच्या पट्ट्या, लावायलाही मीच, कारण त्या शिफ्टला दुसरं कुणी नव्हतंच. एचआयव्हीच्या कार्डावर कंट्रोलची रेघ आली, ती टेस्ट नीट लागली एवढंच सांगते, बाकी कोरं, म्हणजे निगेटिव्ह. हिपॅटायटिस सीचंही तसंच (हिपॅटायटिस बी आणि सी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळी). हिपॅटायटिस बीच्या कार्डावर सीरमचे थेंब टाकले, एक रेघ आली, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला खाली टीच्या, म्हणजे टेस्टच्या, समोर दुसरी गुलाबी रेघ उमटायला लागली. आधी फिकट, मग चांगली ठसठशीत. मी परत लावलं. परत आली, म्हणजे आजी बीला पॉझिटिव्ह. आम्हाला तीनचा नियम शिकवलाय, लस न घेतलेल्याला सुई टोचली तर बीची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत, सीची 3, एचआयव्हीची 0.3. परीक्षेत मी हे उत्तर बरोबर लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल लस घेतली नव्हती का. घेतली ना, एक! पहिल्या वर्षी फीच्या पावतीवर वेगळी ओळ आहे, लसीकरण शुल्क 1,500. तीन डोस असतात, आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. पहिला दिला, फोटो काढले, इन्स्टिट्यूटच्या पेजवर टाकले. दुसरा पुढच्या महिन्यात देतो म्हणाले त्याला सतरा महिने झाले. एक डोस मेडिकलवर शंभर-सव्वाशेला मिळतो. आम्ही साठ जण, गुणिले दीड हजार, नव्वद हजार, आधीच्या बॅचचे धरले तर एक लाख ऐंशी. एवढ्याची किती बॅनरं लागली असतील ते तुम्हीच सांगा, त्यातल्या एकावर शंभर टक्के जॉब गॅरंटी लिहिलंय आणि दुसऱ्यावर शासनमान्य.

प्रिकनंतर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे बीविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं, इंजेक्शन लवकरात लवकर घ्यायचं असतं, चोवीस तासांत घेतलं तर उत्तम. पप्पांनी सुपरवायझरकडून पैसे उसने घेतले, मी आणि मामा गोळे कॉलनीत, नाशिकच्या औषधबाजारात, दोन तास फिरलो, चौथ्या दुकानात मिळालं, सहा हजारांच्या वर गेलं. इन्स्टिट्यूटच्या सरांना फोन केला तर म्हणाले बेटा तू काळजी घ्यायला पाहिजे होती. हॉस्पिटल म्हणालं तुम्ही आमच्या स्टाफ नाही, स्टुडंट आहात, कॉलेजला विचारा. स्टायपेंड विचारला तेव्हाही हेच उत्तर होतं. पण रविवारी सकाळी कलेक्शनला माणूस नसला की तेव्हा मात्र मी स्टाफ असते.

घरी आईने माझा स्टीलचा ग्लास वेगळा ठेवलाय. मी सांगितलं आई, एका ताटात जेवल्याने हे होत नाही, रक्तातून होतं. ती म्हणाली हो गं, आणि ग्लास तसाच वेगळा. आत्याने फोनवर विचारलं स्थळं बघताना हे सांगावं लागेल का. मला अजून काही झालेलंही नाहीये! सहा महिन्यांनी टेस्ट करून कळेल. तोपर्यंत रोज सकाळी आरशात डोळे पिवळे दिसतात का बघते.

मागणी विचाराल तर फार नाही. तीन डोस झाल्याशिवाय एकाही पोराच्या हातात सुई देऊ नका, प्रिक झालं तर पैसे कोण देणार ते कागदावर लिहा, आणि इंटर्नला निदान एसटीचं भाडं द्या. यासाठी नवीन कायदाही नको. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम काढून बघा, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी हॉस्पिटलवर टाकलीये. छापलेलं आहे. बघायला जातं कोण?

कायद्याचं तर विचारूच नका. 2021 ला केंद्राने आमच्यासारख्या टेक्निशियन वगैरे आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कायदा केला, राज्यांनी सहा महिन्यांत त्यांची परिषद नेमा म्हणून. 2024 उजाडलं तरी सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं की दोन महिन्यांत अंमलबजावणी करा. सहा महिन्यांचं गणित तीन वर्षांत सुटत नाही, आणि आम्हाला ईएसआरचं, म्हणजे रक्तातल्या पेशी किती वेगाने खाली बसतात त्या टेस्टचं, रीडिंग तासाऐवजी सव्वा तासाने घेतलं तर नापास करतात. 2017 ला त्याच कोर्टाने सांगितलं रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही पाहिजे. आहे की सही, कॉम्प्युटरमध्ये सेव्ह केलेली, एंटर दाबलं की येते. माझ्या बघण्यातल्या किती लॅबमध्ये डॉक्टर स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावतात ते मी इथे लिहित नाही, मला याच शहरात नोकरी शोधायचीय.

आणि सगळ्या राज्याचं आरोग्य विद्यापीठ आमच्याच नाशिकला आहे बरं का, म्हसरूळला, 1998 पासून. आमच्या इन्स्टिट्यूटचा त्याच्याशी इतकाच संबंध, की दिंडोरी रोडच्या बसमधून बोर्ड दिसतो.

2025 पर्यंत भारत टीबीमुक्त करणार होतात ना? कुणाच्या जिवावर? थुंकीच्या स्लाइडला खालून आच देत, वाफा तोंडावर घेत तो रंग चढवतो कोण, टेक्निशियनच ना, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा. 2027 ला सिंहस्थ आहे, रस्ते होतायत, घाट होतायत, रोज पेपरात नवा कोटींचा आकडा. लाखो माणसं येतील, गोदावरीत उतरतील, कुणाला ताप, कुणाला जुलाब, त्यांची सॅम्पलं काढायला पुन्हा आम्हीच येणार, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड घालून, फुकट. एक डोस झालेले.

माझा लसीचा दुसरा डोस त्या इंजेक्शनच्याच दिवशी घेतला, तिसऱ्याला अजून वेळ आहे. उद्या साडेसहाला परत कलेक्शन आहे, गैरहजर राहिलं तर तास कमी पडतात. आजींचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, काल मला बघून हसल्या, त्यांना यातलं काही माहीत नाही.

इंजेक्शनचं बिल आणि त्या 1,500 ची पावती, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेत. नक्की कुठल्या खात्याला पाठवू तेवढं कळवा.

आपली,
डीएमएलटी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, सिन्नर, जि. नाशिक