कुलूप सगळ्यात शेवटी

पाटोदा, जि. बीड
२९ डिसेंबर २०२१

प्रिय सुमन,

फोन ठेवल्यापासून मनात तेच घोळतंय. ‘एकदाच्या बंद करून टाका शाळा, जिवापेक्षा काय मोठं आहे?’ असं तू म्हणालीस. मुंबईत रोज वाढणारे कोरोनाचे आकडे, तुझ्या वर्गाच्या अर्ध्याच उघडणाऱ्या खिडक्या... तुझी भीती खोटी नाही. पण माझा जीव दुसरीकडे अडकलाय, आणि फोनवर ते धड सांगता आलं नाही.

माझ्या दुसरीतली पोरं १ डिसेंबरला आयुष्यात पहिल्यांदा शाळेत येऊन बसली. २०२० च्या जूनमध्ये त्यांची नावं पहिलीत घातली, तेव्हा शाळेला कुलूप होतं. तिसरीतल्यांची पहिली त्याच मार्चमध्ये अर्धवट तुटली. आत्ता कुठं ती काना-मात्रा ओळखू लागलीत. मोबाइलवरच्या अभ्यासाचं मला सांगू नकोस. घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कारखान्यावर.

आणि आमच्याकडं डिसेंबर म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात. जी पोरं मागं राहिलीत ती शाळा आहे म्हणून राहिलीत, कुणी आजी-आजोबांजवळ, कुणी हंगामी वसतिगृहात. शाळा बंदचा आदेश निघाला की आईबाप त्यांना फडावर बोलावून घेतील. तिथं थोरलीनं धाकट्यांना सांभाळायचं, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. तुमच्याकडची पंधरा दिवसांची सुट्टी इथं अख्खं वर्ष खाऊन टाकते. आठवी-नववीच्या मुली तर परत येतीलच असं नाही. या साथीत कितीजणींची लग्नं गुपचूप उरकली, ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

हॉटेलं निम्म्या गर्दीनं चालू, मंगल कार्यालयात शंभर माणसांना परवानगी, आणि पहिलं कुलूप शाळेला? मला हे अजिबात पटत नाही, सुमन. शाळा सगळ्यात शेवटी बंद व्हावी. जुलैमध्ये शासनानं महिनाभर रुग्ण न सापडलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडायला सांगितलं, निर्णय गावाच्या समितीकडं दिला. तेच शहाणपण आत्ता हवंय. ज्या गावात साथ शिरली तिथली शाळा थोडे दिवस थांबवा, मुंबईचा आकडा बघून पाटोद्याची नको.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेत बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागोनं चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचं म्हणणं असं, की दाटीवाटीच्या घरांपेक्षा मूल शाळेत बरं, तिथं निदान रोज कुणीतरी त्याला तपासतं.

धोका मला दिसत नाही असं नाही. मला खरी काळजी आजी-आजोबांची आहे. ज्या घरातून पोर येतं त्या घरातल्या म्हाताऱ्यांचा दुसरा डोस झाला का, हे मी दारात जाऊन विचारते; झाला नसेल तर आशाताईंना घेऊन पुन्हा जाते. ३ जानेवारीपासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना लस मिळेल, आपल्या पोरांना नाहीच. म्हणजे त्यांच्याभोवतीच्या मोठ्यांनीच आधी घ्यायला हवी. आपण शिक्षकही त्यात आलो. मधल्या सुट्टीत मास्क काढून एका खोलीत डबे खायचं आम्ही बंद केलं.

बाकी सगळा हवेचा खेळ आहे. हा विषाणू कोंडलेल्या हवेत साचून राहतो, उघड्यावर पांगतो. म्हणून परिपाठ, पाढे, कविता, म्हणजे जिथं पोरं मोठ्यानं बोलतात ते सगळं, मी बाहेर लिंबाखाली घेते. सध्या ऊनही कोवळं आहे. ज्याला खोकला किंवा ताप त्यानं घरी राहायचं, हजेरीसाठी कुणी रागावणार नाही, हे पालकांना पुन्हापुन्हा सांगते.

तुझ्याकडं अंगण नाही, हे कळतं. पण समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवता येतील, अडकलेल्या खिडक्यांना सुतार लावता येईल, खिडकीत बाहेर तोंड करून पंखा ठेवता येईल, वर्ग एक दिवसाआड निम्मा बोलावता येईल. मुख्याध्यापकांकडं हे लेखी दे, तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. अर्ज लिहिलास की मलाही पाठव, मी त्यातलं आमच्या केंद्रप्रमुखांना दाखवीन. त्यांची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा उशीर करू नकोस.

तुझी,
मंगल