गुंठ्याला सव्वा पेनी

व्हँकूवर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. रिंगरोडची आखणी जाहीर झाल्यापासून गावात दर आठवड्याला कोणी ना कोणी एजंट येतो, बांधावर उभा राहून मोबाइलवर नकाशा दाखवतो आणि एकराऐवजी गुंठ्याच्या भावात बोलतो, हे वाचून मला काळजी वाटली. तू विचारले आहेस की आज ज्या व्हँकूवरमध्ये साध्या पगारदाराला घर घेणे अशक्य झाले आहे, तेथे जमीन पहिल्यांदा कोणी, कोणाला आणि कोणत्या हक्काने विकली. आपल्या दोघांचेही आयुष्य जमिनीच्या कागदांत गेले. तू मोजणीत साखळी धरलीस, मी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवले. त्यामुळे लेकीकडे राहायला आल्यापासून मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि ग्रंथालयात जाऊन जेवढे वाचता आले तेवढे वाचले. ते सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. येथील जुन्या वस्त्यांमधील नेहमीचा प्लॉट ३३ फूट रुंद आणि १२२ फूट लांब असतो. ३३ हा आकडा ऐकताच मी थबकलो. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि तुमच्या खात्याची सोळा आण्यांची जुनी साखळीही ३३ फुटांचीच. येथील रस्ते सहसा ६६ फूट रुंद आहेत, म्हणजे बरोबर एक गंटर साखळी, आणि प्लॉटची रुंदी तिच्या निम्मी. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात ज्या मापाने पाहणी सुरू केली, त्याच मापाने पन्नास वर्षांनंतर पॅसिफिक महासागराच्या काठावरचे हे अरण्य कापून वाटले गेले. हिशेब केला तर येथील प्लॉट पावणेचार गुंठ्यांपेक्षा किंचित कमी भरतो. परक्या देशातल्या रस्त्यावर आपल्या गावच्या बांधाचे माप सापडल्यावर माझ्या मनाची काय अवस्था झाली, ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

या गावाचा जन्म लाकडातून झाला. कॅप्टन एडवर्ड स्टॅम्प यांनी १८६५ मध्ये बरार्ड इनलेट या खाडीच्या दक्षिण काठावर लाकूड कापण्याची गिरणी उभारायला घेतली, आणि पुढे ती हेस्टिंग्ज मिल म्हणून ओळखली गेली. डग्लस फर आणि लाल देवदार यांची दोन-दोनशे फूट उंचीची झाडे थेट पाण्याच्या कडेपर्यंत होती, म्हणून ती तोडायची, पाण्यात लोटायची, कापायची आणि जहाजात भरायची, एवढाच व्यवसाय होता. ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे व्हँकूवर ज्यात येते तो प्रांत, तेव्हा स्वतंत्र वसाहत होती, कॅनडात ती १८७१ मध्ये सामील झाली. वसाहतीच्या सरकारने गिरणीला जंगलाची जमीन विकली नाही, तर झाडे तोडण्याचा हक्क नाममात्र खंडाने दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर दिला. जमिनीला किंमत नव्हती, जी होती ती उभ्या लाकडाला. उलट जमीन मोकळी करायची म्हटली की झाड हाच सर्वांत मोठा अडथळा आणि सर्वांत मोठा खर्च होता.

ग्रामीण जमिनीचा नियम वेगळा होता. ब्रिटिश प्रजाजनाने मोजणी न झालेल्या जमिनीपैकी १६० एकरांपर्यंतचा तुकडा निवडावा, त्याची वर्दी द्यावी, तेथे वस्ती करून सुधारणा करावी, आणि मोजणी झाली की किंमत भरून सनद घ्यावी. म्हणजे आधी ताबा, मग मोजणी आणि शेवटी पैसे. जॉन मॉर्टन, सॅम्युअल ब्रिगहाउस आणि विल्यम हेलस्टोन या तीन इंग्रज तरुणांनी १८६२ मध्ये कोल हार्बरच्या काठची ५५० एकर जमीन अशी धरली. मॉर्टन कुंभारकामाच्या घराण्यातला होता. तेथे कोळसा आहे असे त्याच्या कानावर आले होते, आणि कोळशाबरोबर भांड्यांची चांगली माती सापडते हे तो जाणून होता. दर होता एकरी ४ शिलिंग २ पेन्स, म्हणजे आपल्या हिशेबाने गुंठ्याला सव्वा पेनी. सगळे मिळून साधारण ५५५ डॉलर झाले. एवढ्या आडरानात एवढे पैसे घातले म्हणून लोकांनी त्यांना 'तीन नवखे' असे नाव ठेवले. त्यांनी विटा पाडून पाहिल्या, त्या व्यवसायाने बरकत दिली नाही. पुढे 'लिव्हरपूल' या भारदस्त नावाने त्या जागेवर कागदावर एक शहर आखून त्याचे प्लॉट विकण्याचाही प्रयत्न झाला, पण घेणारे मिळाले नाहीत. आज त्याच जमिनीवर वेस्ट एंडच्या उंच इमारती आहेत.

गावठाणाची कथा जॅक डेटन या खलाशाची आहे. गिरणीच्या हद्दीत दारू चालत नसे, म्हणून १८६७ मध्ये त्याने हद्दीबाहेर दारूचे दुकान थाटले आणि त्याच्याभोवती वस्ती जमली. कोणाकडेही कागद नव्हता, सगळेच अतिक्रमण होते. सरकारने १८७० मध्ये त्या वस्तीची मोजणी करून लहानसे गावठाण आखले, इंग्लंडच्या वसाहतमंत्र्यांचे म्हणून त्याला ग्रॅनव्हिल हे नाव दिले आणि प्लॉट लिलावात काढले. मोजणीत जॅकचे दुकान आखलेल्या रस्त्यातच आले, तेव्हा त्याने शेजारचा प्लॉट विकत घेऊन नवे बांधले. अतिक्रमण नियमानुकूल करण्याची ही पद्धत तुझ्या-माझ्या पुरेपूर ओळखीची आहे.

खरा भाव आणला तो रेल्वेने, आणि येथूनचा भाग तू लक्षपूर्वक वाचावास. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवट खाडीच्या टोकाशी, पोर्ट मूडी येथे ठरलेला होता. म्हणून सटोडियांनी तेथील प्लॉट चढ्या भावाने घेऊन ठेवले. पण कंपनीला आणखी वीस किलोमीटर पश्चिमेला, ग्रॅनव्हिलपर्यंत जायचे होते, कारण तेथे बंदर खोल होते आणि सभोवताली सरकारच्या हातची जमीन मोकळी होती. रूळ पुढे नेण्याच्या मोबदल्यात प्रांतिक सरकारने कंपनीला सहा हजार एकरांहून अधिक जमीन फुकट दिली. गिरणीने पट्ट्यातले बरेचसे क्षेत्र सोडले आणि उरलेल्यावर मुदत वाढवून घेतली. त्या तीन नवख्यांसह इतर खासगी मालकांनीही रेल्वे आपल्या दारी यावी म्हणून आपल्या प्लॉटांपैकी तिसरा हिस्सा कंपनीला दिला. पोर्ट मूडीचे मालक कोर्टात गेले, आपल्या जमिनीतून रूळ नेऊ देईनात. तेथे पहिली गाडी १८८६ च्या जुलैत आली खरी, पण २३ मे १८८७ रोजी गाडी व्हँकूवरला पोहोचली आणि पोर्ट मूडीचा भाव बसला. तुझ्या गावात नकाशा दाखवणाऱ्या माणसाला विचार की आखणीचा शेवटचा नकाशा कोणाच्या हाती आहे. जो आखणी ठरवतो तो आधी जमीन घेतो, आणि ज्याला आखणी ऐकीव कळते तो पोर्ट मूडीत प्लॉट घेतो.

कंपनीचा भूमी अधिकारी लॉकलन हॅमिल्टन याने १८८५ मध्ये झाडीत पहिली खुंटी ठोकून मोजणी सुरू केली. मजूर लहान झाडांना एका बाजूने अर्धवट घाव घालून ठेवीत आणि मग वरच्या अंगाचा एखादा महावृक्ष त्यांच्यावर पाडीत, की सगळी रांग एकदम आडवी होई. त्या पाचोळ्याचे आणि फांद्यांचे ढीग जागोजाग पेटवले जात. ६ एप्रिल १८८६ रोजी ग्रॅनव्हिलचे नाव बदलून व्हँकूवर नगरपालिका स्थापन झाली. १३ जूनला वाऱ्याने ती आग गावात आणली, आणि तासाभराच्या आत सगळे गाव जळून गेले. माणसेही गेली. तरी काही दिवसांत नगरपालिकेचा कारभार तंबूत सुरू झाला. त्याच वर्षी एका प्रचंड झाडाच्या बुंध्याशी मालमत्तेच्या दलालाची पाटी लावून प्रतिष्ठित मंडळींनी काढून घेतलेले छायाचित्र आजही सर्वत्र पाहायला मिळते. छायाचित्र मुद्दाम जमवून काढलेले आहे, पण त्या वर्षीची हवा त्यात नेमकी उतरली आहे. झाड अजून उभे आहे आणि त्याच्या खालची जमीन विक्रीला निघाली आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लांबले ते लिहितो. हॅमिल्टनने खुंटी ठोकली त्या कोपऱ्यावर एक स्मृतिफलक लावला गेला. त्यावर असे कोरले होते की त्याने आदिम अरण्याच्या निःशब्द एकांतात 'रिकामी' जमीन मोजायला घेतली. तो शब्द माझ्या मनातून जात नाही. गिरणी जेथे उभी राहिली त्या जागेला स्क्वामिश या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेत मॅपलच्या झाडांवरून पडलेले नाव होते. आजच्या स्टॅन्ले पार्क या शहराच्या मोठ्या बागेत ख्वायख्वाय नावाचे त्यांचे गाव होते. १८८८ च्या सुमारास बागेचा रस्ता काढताना त्या वस्तीतून वाट काढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेले शिंपल्यांचे थर खणून तेच रस्त्यावर पसरले. मस्क्विम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउतुथ या तीन समाजांनी ही भूमी कधीही करार करून दिलेली नाही. शेजारच्या व्हँकूवर बेटावर १८५० ते १८५४ या काळात १४ करार तरी झाले, येथे एकही नाही. १८६६ च्या कायद्याने तर मूळ रहिवाशांना गव्हर्नरच्या लेखी परवानगीवाचून जमीन धरण्यासच बंदी केली. १८८४ मध्ये चिनी माणसांना सरकारी जमीन मिळू नये असा कायदा झाला. पुढे वेस्ट व्हँकूवरमधील ब्रिटिश प्रॉपर्टीज या वसाहतीच्या दस्तांत, आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या माणसाने नोकर म्हणून असल्याखेरीज येथे राहू नये, अशी अटच घातली गेली. १९७८ पासून अशा अटी कायद्याने निरर्थक आहेत, पण जुन्या दस्तांत त्या अजून वाचायला मिळतात. आपल्या लेकीने ज्या शहरात घर घेतले, तेथे एके काळी दस्तच तिला दाराबाहेर ठेवत होता, हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही.

येथे मालकीचा दाखला सरकार स्वतः देते आणि तो सहसा अंतिम मानला जातो. आपल्याकडे सातबारावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच. मी नोकरीत असताना या पद्धतीचे मला फार आकर्षण होते. आता वाटते, दाखला कितीही पक्का असला तरी शोध घेत मागे गेले की शेवटी राजाची सनद येते, आणि त्याआधीचे पान कोरे नसते, ते फाडलेले असते. फॉल्स क्रीक या शहरातल्या खाडीच्या तोंडाशी सेनाक्व हे स्क्वामिश लोकांचे गाव होते. १९१३ मध्ये प्रांतिक सरकारने तेथील कुटुंबप्रमुखांना प्रत्येकी ११,२५० डॉलर देऊन सगळ्यांना पडावात बसवून हलवले. त्या सुमारे ८० एकरांपैकी जेमतेम साडेदहा एकर २००३ मध्ये कोर्टामार्फत स्क्वामिश लोकांना परत मिळाले, आणि आज ते स्वतः तेथे सुमारे सहा हजार भाड्याची घरे बांधत आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये जवळच्या रिचमंडमधील जमिनीबाबत कौइचन या मूळ रहिवासी समाजाचा मूळ हक्क प्रांताच्या 'सुप्रीम कोर्टा'ने (नाव तसे असले तरी येथे त्यावर अपील होते) मान्य केला, त्यात खासगी मालकीच्या जागाही येतात. अपील दाखल झाले आहे. लोक घाबरले आहेत, आणि ज्यांनी आयुष्यभराची कमाई घरात घातली त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न आज विचारला जातो आहे, हेही मला योग्यच वाटते.

म्हणून तुला आग्रहाने लिहितो. विकायचे की नाही हे तू आणि वहिनी मिळून ठरवा. पण सौदा होण्याआधी तुझ्या गटाशेजारच्या गायरानाचे आणि ओढ्याकाठच्या 'पोटखराब' नोंदीचे जुने कागद बाहेर काढ. त्या पड जमिनीवर कातकऱ्यांची घरे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. प्लॉटिंगच्या नकाशात ती जागा मोकळी दाखवलेली असेल, तर तू मोजणीदार म्हणून त्यावर हरकत घे. तुझ्या शब्दाला गावात अजून वजन आहे.

आणखी एक काम कर. तुझ्याकडे आपल्या गावाच्या मोजणीचे जुने टिपण आहे, साखळी-आण्यांतले. त्याचा स्वच्छ फोटो काढून पाठव. येथील नगर अभिलेखागारात हॅमिल्टनच्या काळचे शहराचे नकाशे पाहायला मिळतात. पुढच्या आठवड्यात मी तेथे जाणार आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.

तुझा मित्र