पडद्याची शोभा कापडाच्या किमतीत नव्हे, मापात आणि शिलाईत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी रंगकाम निघते आणि त्यापाठोपाठ पडद्यांचा विषय येतो. मोठ्या दालनातून मापाचे पडदे करून घेण्याचा खर्च ऐकला की बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबे तयार पडद्यांकडे वळतात आणि ते लावल्यावरही खोली भरल्यासारखी का दिसत नाही, हे त्यांना उमगत नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पडद्यांच्या रंगांविषयी आणि नक्षीविषयी पुष्कळ छापून येते, मापांविषयी मात्र फारच थोडे येते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पडद्याच्या भारदस्तपणाचे श्रेय त्याच्या घेराला (म्हणजे चुण्या पडण्यापूर्वीच्या कापडाच्या एकूण रुंदीला), उंचीला आणि शिलाईला असते, आणि या तिन्ही गोष्टी अगदी साध्या कापडातही गल्लीतल्या शिंप्याकडून उत्तम साधता येतात, असे माझे ठाम मत आहे.

तयार पडदे साधारणतः पाच, सात आणि नऊ फूट उंचीचे व सुमारे चार फूट रुंदीचे मिळतात. सहा फुटी दांड्यावर असे दोन पडदे ओढले की त्यांच्या चुण्या जवळजवळ मोडून जातात आणि कापड कितीही महागाचे असले तरी ते दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसते. पडद्याचा घेर दांड्याच्या लांबीच्या दुप्पट हवा आणि कापड पातळ असेल तर अडीचपट हवा. समजा, खिडकी पाच फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे. दांडा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे काढून तो सहा फुटांचा घेतला, तर पडदा बाजूला सारल्यावर काच झाकली जात नाही आणि खिडकी आहे त्याहून मोठी भासते. सहा फुटांची दुप्पट बारा फूट, म्हणजे १४४ इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे तागाची रुंदी, ४८ इंचांचा असेल तर तीन पन्हे, म्हणजे पूर्ण रुंदीचे तीन तुकडे, लागतात. दांडा चौकटीच्या सहा इंच वर आणि पडद्याची कड चौकटीच्या सहा इंच खाली धरली, तर उंची ६६ इंच होते. तीत वरची दुमड आणि खालची चार इंचांची दुपदरी दुमड मिळवली की एका पन्ह्याला सुमारे दोन मीटर कापड लागते. म्हणजे एका खिडकीला सहा मीटर, आणि सुती कापड आटते हे लक्षात घेऊन साडेसहा मीटर. प्रत्येक पडद्यात एक अखंड आणि एक अर्धा पन्हा येतो. हा अर्धा पन्हा भिंतीच्या बाजूला ठेवण्यास शिंप्याला सांगावे, म्हणजे जोड चुणीत दडून जातो. खिडकीखाली दिवाण किंवा टेबल नसेल, तर पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर राहील इतका लांब करावा. त्याला कापड जास्त लागते खरे, पण कमी उंचीच्या सदनिकेत त्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही.

कापडासाठी आपल्याला दूर पाहण्याची गरज नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत यंत्रमाग सुरू केला. आज तेथे तसेच मालेगावात आणि भिवंडीत मागांवर निघणारे साधे सुती कापड राज्यभरातल्या बाजारांत मीटरवर मिळते. जाड मंजरपाट (कोरे, न रंगवलेले सुती कापड) किंवा केसमेंट (पडद्यांसाठीचे जाडसर सुती कापड) यांची नैसर्गिक पांढरट छटा जवळपास कोणत्याही भिंतीला शोभते. मात्र कोऱ्या मंजरपाटात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात शेकडा पाचपर्यंत सहज आटू शकते, म्हणून बेतण्यापूर्वी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेणे अत्यावश्यक आहे. ही एक पायरी गाळल्यामुळे कितीतरी चांगले पडदे वर्षभरात आखूड झालेले मी पाहिले आहेत. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावावेच. त्याने मूळ कापडाचा रंग टिकतो, उजेड मऊ होतो, आणि हलके कापडही वजनदार होऊन सरळ पडते. हाती पैसे मोजकेच असतील तर नक्षीच्या कापडावर खर्च करण्याऐवजी ते अस्तरावर खर्च करावेत.

ज्या घरांत आजीची सुती नऊवारी पेटीत घडी करून ठेवलेली आहे, त्यांना आणखी एक मार्ग आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास. त्यातून दोन मीटरांचे चार तुकडे निघतात आणि चारही पडद्यांना दोन्ही कडांनी काठ उभे येतात, त्यामुळे बाजूच्या कडा दुमडाव्याही लागत नाहीत. मोठ्या रुंदीच्या नक्षीदार कापडातही अशी उभी किनार विकत मिळणे कठीण असते. पदराचा भाग काढून त्याचे पडदे बांधण्याचे पट्टे करता येतात. जुने सूत उन्हाने लवकर विरते, म्हणून येथे अस्तराला पर्याय नाही, आणि ज्या साडीला घडीवर चिरा पडू लागल्या असतील ती वापरू नये.

शिलाईबाबत दोनच गोष्टी सांगतो. चुण्यांच्या पडद्याला वरच्या पट्टीत बकरम, म्हणजे ताठ राहणारे जाड कापड, घातलाच पाहिजे, नाहीतर माथा महिन्याभरात लोंबू लागतो. आणि धातूच्या कड्या बसवायच्या असतील तर त्यांची संख्या सम असावी, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. परिसरातील शिंपी आणि महिला बचत गट हे काम चोख करू शकतात. त्यांच्यापर्यंत गिऱ्हाईक नीट माप घेऊन येत नाही, ही खरी अडचण आहे. सणाच्या तोंडावर त्यांच्याकडे कपड्यांची गर्दी असते, म्हणून कापड गणपतीनंतर लगेच देणे सोयीचे ठरते.

आपल्या सजावटविषयक पुरवणीत एकदा तरी दांड्याची लांबी, पन्हा आणि लागणारे कापड यांचे कोष्टक छापावे, अशी विनंती आहे. तसेच कापडविक्रेत्यांनी तागावर दराबरोबर पन्हा आणि अंदाजे आटण्याचे प्रमाणही लिहावे, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या उभ्या आपला हिशेब करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे