पॅडिंग्टनची टाकी, खास बाबांसाठी

प्रिय आई-बाबा,

सा. न.

आई, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, गुडघा आता बराय म्हणालीस, छान. पण आजचं पत्र जास्त करून बाबांसाठी आहे, कारण इथे सिडनीत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर अशी जागा बघून आले की बाबा असते तर प्रत्येक खांब ठोकून बघितला असता आणि आपल्याला तासभर उभं केलं असतं.

पॅडिंग्टन रिझर्वायर. सिडनीची 1866 ची जमिनीखालची पाण्याची टाकी, दुसरा कप्पा 1878 चा. सिटी इंजिनिअर एडवर्ड बेलचं काम. बॉटनी नावाच्या भागातल्या दलदलीतलं पाणी वाफेच्या पंपांनी टेकाडावर चढवायचं आणि मग उताराने आपोआप खालच्या वस्तीला, म्हणजे आपल्या मलबार हिलचंच गणित, हँगिंग गार्डनच्या खाली पण टाकीच की! तिथे आपण नुसते वर फिरून यायचो.

इथे खाली उतरता येतं. आणि बाबा, खांब चक्क लाकडाचे! आयर्नबार्क म्हणून इथलं झाड आहे, भयंकर टणक लाकूड, आणि वर विटांच्या कमानी ओळीने. प्रत्येक कमान शेजारणीला रेटते आणि शेजारीण तिला, हे तुम्हीच मला पेपरच्या कडेला काढून दाखवलेलं, तेव्हा मी जांभया देत होते.

पाणी मात्र जेमतेम 33 वर्षं. 1899 ला सेंटेनियल पार्कचा मोठा रिझर्वायर आला आणि ही रिटायर. मग गोडाऊन, गॅरेज, पेट्रोल पंप, आणि 1990 ला छताचा काही भाग कोसळला. मला सगळ्यात आवडलं ते हे की 2009 ला बाग केली तेव्हा जुन्यासारखं छत परत बांधून दिलं नाही, पडकं ते पडकंच ठेवलं, एका कप्प्यात वरून ऊन येतं, फर्न लावलेत, छोटं तळं आहे, मध्ये मोडक्या कमानी तशाच उभ्या. रिकाम्या काळातली पोरांची ग्राफिटीसुद्धा पुसली नाही, आई, तू नाक मुरडशील. जिन्यावरचं नवीन अ‍ॅल्युमिनियमचं कमानदार छप्पर मला जरा चकाचक वाटलं, पण बाबांचं मत काय ते बघू.

फोटो वेगळे पाठवतेय, बाबा, झूम करून विटांचे सांधे बघा. आणि व्हिसाचे कागद स्कॅन झाले का? डिसेंबरात इथे उन्हाळा असतो, स्वेटरांनी बॅग भरू नका.

तुमची,
मनू