उलटीची भीती धीर देऊन जात नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत नुकतंच एका आईचं पत्र वाचलं. वर्गात एका मुलाला उलटी झाली तेव्हापासून तिची मुलगी शाळेत काही खात नाही, गाडीत बसायला तयार होत नाही आणि रात्री अंथरुणात पडल्यावर ‘मला उलटी होणार नाही ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारत राहते. आपल्या सदरातलं उत्तर मायेनं लिहिलेलं होतं. तिला धीर द्या, काही होणार नाही असं सांगत राहा, तो विषयच तिच्यासमोर काढू नका, आधार वाटावा म्हणून सोबत एक पिशवी आणि उलटीवरची गोळी असू द्या, असा सल्ला होता. तो वाचून मला राहवलं नाही. ही भीती याच गोष्टींवर पोसली जाते. मी लहानपणापासून चांगली मोठी होईपर्यंत ती अंगावर वागवली आहे आणि टप्प्याटप्प्यानं तिला सामोरं जाऊनच तिच्या तावडीतून सुटले आहे.

उलटीच्या या भीतीला इमेटोफोबिया म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार ती विशिष्ट भयगंडांत मोडते. बहुतेकांना ती लहानपणीच जडते, आणि उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच जास्त असतात. उलटीची किळस कुणाला येत नाही? पण इथे माणूस सगळं आयुष्यच तिच्याभोवती आखायला लागतो. बसायला दाराजवळची जागा हवी, खाण्याच्या पाकिटावरची तारीख चार वेळा बघायची, आजारी माणसाला भेटायला जायचं नाही, लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. काही बायका केवळ या धास्तीनं मूल होऊ देत नाहीत. काहींचं खाणं इतकं कमी होतं की वजन झपाट्यानं उतरतं आणि डॉक्टरांनाही आधी अॅनोरेक्सियाचा, म्हणजे बारीक होण्याच्या ध्यासानं खाणं सोडण्याच्या आजाराचा, संशय येतो. खरं तर त्यांना बारीक व्हायचं नसतं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय पडणार, एवढाच त्यांचा हिशेब असतो.

यातली सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे भीतीनं स्वतःच मळमळतं. आपण घाबरलो की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं, पचन मंदावतं आणि पोटात ढवळायला लागतं. ज्याला उलटीचीच भीती आहे त्याला ही उलटीची चाहूल वाटते. तो आणखी घाबरतो, की आणखी ढवळतं. अशा वेळी आईनं ‘काही होणार नाही गं’ म्हटलं की मुलीला बरं वाटतं, पण ते खाजवल्यासारखं आहे. घटकाभर आराम, मग खाज दुप्पट. अर्ध्या तासानं ती पुन्हा विचारणार, कारण उलटी झाली नाही याचं श्रेय तिचं मन आईच्या शब्दाला आणि पिशवीला देऊन मोकळं झालेलं असतं. पिशवी नसती तर काय झालं असतं, हे तिला कधी कळतच नाही.

शिवाय ते वचन खोटं आहे. आयुष्यात कधी ना कधी तिला उलटी होणारच आहे, तशी ती सगळ्यांना होते. मेंदूच्या देठातून निघालेली ती एक संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पोटाचे स्नायू आणि छाती-पोटामधला पडदा आकुंचन पावतात आणि त्या क्षणी श्वासनलिकेचं तोंड मिटतं, त्यामुळे ‘मी गुदमरून मरेन’ हे जे भय अनेकांना खात असतं त्याला निरोगी, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या बाबतीत फारसा आधार नाही. उलटी होणार नाही याची खात्री शिकवता येत नाही. झाली तरी निभावेल, हे मात्र शिकता येतं, आणि ते अंगवळणी पडायला अनुभवच लागतो.

भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायची ही वाट, म्हणजे एक्स्पोजर थेरपी, आजची नाही. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाच्या बाबतीत हेच केलं. तो आवडीचं खाताना ससा दररोज थोडा जवळ आणला. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात या कल्पनेला उपचारपद्धतीचं रूप दिलं. भीतीच्या गोष्टींची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी शिडी मांडायची आणि शरीर सैल सोडून एकेक पायरी चढायची. किती भीती वाटते हे शून्य ते शंभरमध्ये सांगायची सवयही त्यांचीच. अलीकडचे संशोधक म्हणतात की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा, जास्त बळकट अनुभव उभा राहतो. म्हणून प्रत्येक पायरीआधी ‘काय होईल असं वाटतं’ ते लिहायचं आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं ते पडताळायचं.

माझ्या शिडीची पहिली पायरी होती ‘उलटी’ हा शब्द कागदावर लिहिणं. मग तो मोठ्यानं म्हणणं, व्यंगचित्रं बघणं, ओकारीचा नुसता आवाज ऐकणं, आवाज बंद ठेवून चित्रफीत बघणं आणि मग आवाजासकट. एकीकडे शरीराची सवय करायची होती. फिरत्या खुर्चीत गरगर फिरून चक्कर आणायची, पोटावर पट्टा घट्ट बांधून जेवायचं, मळमळ आली तरी गोळी न घेता ती तशीच राहू द्यायची.

एक दिवस मला नीट आठवतो. माझ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी भिजलेली बिस्किटं, गाजराचे शिजलेले तुकडे आणि व्हिनेगर एका भांड्यात कालवलं आणि ते मला बादलीत ओतायला सांगितलं. आवाज हुबेहूब. व्हिनेगरचा आंबट वास नाकात गेला, तशी माझी मान घामानं भिजली आणि तोंडाला पाणी सुटलं. ‘मी खोलीतून पळून जाईन’ असं मी आधी कागदावर लिहिलं होतं. बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी एकदाही ‘काही होणार नाही’ म्हटलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. ‘आता किती?’ एवढंच त्या अधूनमधून विचारत. नव्वद. मग बराच वेळ नव्वदच. मग पंचाहत्तर, साठ. मी काहीही न करता तो आकडा आपसूक उतरत होता आणि मी अजून खुर्चीतच होते. मला कुणी दिलेला धीर आणि माझ्यात आलेला धीर यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

तरीही सगळ्यात अवघड पायरी ती नव्हती. पर्समधली पिशवी घरी ठेवून बाहेर पडणं त्याहून कितीतरी जड गेलं. चित्रफिती बघून झाल्या, पण खिशात गोळी तशीच आहे, असा उपचार अर्धवट राहतो. या लहानसहान कुबड्या एकेक करून सोडाव्या लागतात, आणि आपल्या सदरात नेमक्या त्याच सोबत द्यायला सांगितल्या होत्या. हात धुण्याचंही तसंच. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणानं हात धुणं ही स्वच्छता आहे, ती कुणी सोडू नये. जुलाब-उलट्यांना कारण होणाऱ्या नोरोव्हायरसवर तर अल्कोहोलच्या सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणीच अधिक भरवशाचं. पण दाराची कडी शिवली म्हणून, कुणी खोकलं म्हणून, मनात नुसता विचार आला म्हणून धुतलेले हात ही भीतीची चाकरी असते.

हा उपाय रामबाण आहे असं मी म्हणणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २४ जणांवरच्या एका छोट्या चाचणीत १२ सत्रांचा उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्या लोकांत ठळक सुधारणा दिसली. उपचाराची वाट बघणाऱ्या गटात ती १२ पैकी दोघांतच दिसली. निम्मे म्हणजे सगळे नव्हेत, पण वर्षानुवर्षं कोंडून घेतलेल्या माणसाला ही आशा फार मोठी आहे. आणि त्या आईसाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटानं चिंताविकार असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटात मुलांवर थेट उपचार न करता फक्त आईवडिलांना वेगळं वागायला शिकवलं. तरी मुलांना झालेला फायदा थेट उपचार मिळालेल्या मुलांपेक्षा कमी नव्हता. तो अभ्यास फक्त उलटीच्या भीतीचा नव्हता, पण आईच्या उत्तरात किती ताकद असते हे त्यातून दिसतं.

तेव्हा त्या माउलीला माझं सांगणं असं: उद्यापासून एकदम गप्प बसू नका, मुलीला ते तुटकपणाचं वाटेल. आधी तिला समजावून सांगा की या प्रश्नाचं उत्तर देण्यानं तिची भीती वाढते आणि म्हणून तुम्ही दोघी मिळून ते कमी करणार आहात. मग रात्री तिनं विचारलं की म्हणा, ‘तुला खूप भीती वाटतेय, मला दिसतंय. आणि तू ती सहन करू शकतेस, हे मला माहीत आहे.’ तेवढंच. जबरदस्तीनं काहीही दाखवू नका, फसवून तर मुळीच नाही. पायरी तिनं निवडायची. बोटं घालून किंवा औषध देऊन उलटी करवणं हा या उपचाराचा भाग नाही, तसं कुणी सुचवलं तर उठून या. वजन उतरत असेल किंवा खरोखरच वरचेवर उलट्या होत असतील, तर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

मानसशास्त्रज्ञ निवडताना पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुम्ही एक्स्पोजर थेरपी करता का, आणि लहान मुलांसोबत केली आहे का?’ नुसतं बोलून मन मोकळं करण्यावर किंवा श्वासाच्या व्यायामांवर सगळी भिस्त असेल, तर दुसरीकडे चौकशी करा. संपादक महोदय, एवढा एक प्रश्न तरी आपल्या सदराच्या पुढच्या अंकात छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये)