त्या फोटोत मावशी कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परिचारिका दिनाची तुमची बातमी वाचली, फोटो छान आलाय, आम्ही सगळ्या सिस्टर्स हातात गुलाब घेऊन. पण आमच्या वॉर्डातल्या मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, त्यात कुठेच नाहीत, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, २०२० ला कोविड वॉर्डला होते. लोकांना वाटतं आम्हाला पेशंटकडूनच लागण झाली. काहींना झालीही असेल, श्वासाची नळी घालताना वगैरे. पण बेडजवळ माणूस डोळ्यात तेल घालून असायचा हो. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, बाहेर आलं की कधी एकदा ते पीपीई किट अंगावरनं काढते असं व्हायचं आणि घोळ तिथेच व्हायचा. घालण्यापेक्षा काढणं अवघड, ग्लोव्हज, गाऊन, गॉगल आणि मास्क सगळ्यात शेवटी, दरवेळी हात सॅनिटाइज करत. आमच्याकडे काढायची जागा म्हणजे जिन्याखालचा बोळ, एका वेळी चौघीजणी. तिथनं थेट चहाच्या खोलीत, खिडकी बंद, मास्क हनुवटीवर, सहासात जणींचे डबे एकत्र. हा रोग हवेतनं पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हणेपर्यंत २०२१ उजाडलं, तोवर आम्ही दाराच्या कड्या पुसत बसलो होतो.

आता मावशींचं सांगते. बेडपॅन त्या उचलणार, घाण चादरी त्या काढणार, बॉडी पॅक करायला मामांबरोबर त्याच. पण एन९५ मास्क डॉक्टर आणि नर्सेसना, मावशींना साधा तीन पदरी, कारण त्या कॉन्ट्रॅक्टवर. ट्रेनिंगचा व्हिडिओ इंग्रजीत. मी बोळातच उभी राहून एकीला दोनदा करून दाखवलं, त्यापलीकडे काही नाही. मे महिन्यात तिला ताप आला, तीन दिवस ती क्रोसिन खाऊन ड्युटीला येत राहिली, कारण खाडा झाला की पैसे कट. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या पाचजणी पॉझिटिव्ह निघाल्या आणि सगळ्यांनी खापर मावशीवर फोडलं. मलाही तेव्हा तिचाच राग आला होता, खोटं कशाला बोलू. तिला कुणापासून झाला हे मात्र कुणी विचारलं नाही, आमच्या चहाच्या खोलीतनं तिला मिळाला नसेल कशावरनं?

आणि हे काही नवीन नव्हतं. २००३ ला सार्स, म्हणजे कोविडसारखाच श्वासाचा रोग, आला तेव्हा जगभरात ८०९६ केसेस, त्यातले १७०६ आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे पाचातला एक. सतरा वर्षं होती आपल्याकडे शहाणं व्हायला. सरकारने ५० लाखांचा विमा काढला, कागदावर त्यात कंत्राटी लोकही होते, पण तो मेल्यावर, आजारी पडून रोजी बुडाली त्याला काय? सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं तर केंद्राने सांगितलं की आरोग्य राज्यांचा विषय, किती कर्मचाऱ्यांना लागण झाली, किती गेले याची माहिती आम्ही ठेवत नाही. डॉक्टरांचा आकडा तरी त्यांच्या संघटनेने मांडला, मावशींची कसली संघटना.

आमची मावशी बरी झाली, १७ दिवस अ‍ॅडमिट होती, त्या १७ दिवसांचे पैसे कंत्राटदाराने दिले नाहीत. आता दुसरीकडे धुणीभांडी करते. माझं मागणं फार नाही, तापात घरी थांबलं तर पगार मिळावा, कंत्राटी असो की कायम, आणि मास्कचं ट्रेनिंग मराठी-हिंदीत, सगळ्यांना एकत्र बसवून, साथ नसतानाच व्हावं. आणि ती चहाच्या खोलीची खिडकी, मेंटेनन्सला तीनदा लेखी दिलंय, रंग देताना चिकटली ती अजून उघडत नाही.

आपली,
एक स्टाफ नर्स, मुंबई
(कृपया नाव छापू नये)