सुदेशास पत्र: तुझा चौकोनी मॉनिटर

डिचोली, श्रावण

प्रिय सुदेश,

काल रात्री माऊसचा बाण मोठ्या पडद्याच्या वरच्या अंगानं निघाला तो सरळ तुझ्या चौकोनी मॉनिटरवर गेला. कुठेही न अडकता! हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं, मग जेवायला बसा." म्हणून तुला लिहितोय.

घरी सगळे ठीक. आईचे गुडघे पावसात कुरकुरतात, तेवढंच.

पुण्याला जाताना तू "फेकून दे" म्हणालास तो १९ इंची डबा अजून चालतो. शेजारी आता २७ इंची फोर-के, म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेलचा, आलाय. टेबलावर दोघांची उंची जवळपास सारखी, पण पिक्सेल मोजले तर एकाच्या २१६० ओळी आणि दुसऱ्याच्या १०२४. लिनक्सवर पडद्यावर चित्र काढणारा जुना एक्स, त्याला इंचांशी देणंघेणं नाही, तो मांडणी करतो ती पिक्सेलची. तळ जुळवला की मोठ्याच्या वरच्या अर्ध्यातून उजवीकडे जाणारा बाण भिंतीला थडकायचा. वर आणि तीच विंडो तुझ्याकडे ढकलली की अक्षरं दुप्पट मोठी.

मग एक्सरँडरला, म्हणजे एक्सची पडदे मांडायची कमांड, तिला सांगितलं, चौकोनीला स्केल २×२. आता तो स्वतःला २५६०×२०४८ समजतो. जागा दिली आडवी ३८४०, उभी ११२, कारण २१६० वजा २०४८ म्हणजे ११२. वर बोटभर पट्टी तेवढी आंधळी राहते. आयथ्रीत, म्हणजे माझ्या खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, प्रूफांचा वर्कस्पेस त्याच पडद्याला बांधून टाकलाय.

इथवर झकास. पण शिरोरेषा! चार पिक्सेल मिळून एक होतो, त्यात ती राखाडी पडते आणि अनुस्वार म्हणजे नुसता डाग. चवथीच्या आरत्यांची पुस्तिका हातात आहे, त्यात असा अनुस्वार सुटला तर देवळाच्या कमिटीवाले मला गणपतीवरच्या माटोळीला फळांबरोबर टांगतील. फिल्टर बदलून निअरेस्ट केला, म्हणजे मिसळायचं नाही, जवळचा एकच पिक्सेल उचलायचा, तर रेषा कुठे जाड, कुठे बारीक.

आता हसू नकोस. आयथ्रीचाच वेलँडवरचा भाऊ, स्वे, लावून बघितलं. हो, तेच वेलँड, एक्सच्या जागी आलेलं. पणजीत आल्तिनोच्या चढावर आपण ज्यावरून कडकडून भांडलो ते. "एक्स ११ सत्त्याऐंशी सालचं आहे, त्याला आता पेन्शन द्या," असं ओरडला होतास, आणि त्या भांडणात भाजी-पावचे पैसे मी भरले, ते अजून आलेले नाहीत. असो. स्वेला आयथ्रीची कॉन्फिग जवळपास तशीच चालली. प्रत्येक पडद्याला आपापलं स्केल: मोठ्याला २, चौकोनीला १. हिशेबही आटोपशीर, मोठा १९२०×१०८० धरायचा आणि तुझा डबा १९२०, ५६ वर. त्याच्यावरची शिरोरेषा अशी काळीकुळकुळीत की बघत राहावं.

आणि पान लावायचा माझा जुना प्रोग्रॅम? तो एक्सवेलँडमधून, म्हणजे जुने एक्सचे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या पुलावरून, येतो, एकपट काढून दुप्पट ताणला जातो, म्हणजे फोर-केवरच धुरकट. ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याच्यावरच! स्केल १ केलं तर मेनू मुंगीएवढे. रात्र रात्र हेच डोक्यात. आयथ्रीत प्रूफ धूसर, स्वेत पान धूसर. छापखान्याचे मालक म्हणतात दुसरा फोर-के घ्या, जोडी होईल. मला नकोय. रुंद पडदे सिनेमा बघणाऱ्यांना. प्रूफ उभं असतं, ते चौकोनीवर नीट बसतं. आणि चालती वस्तू फेकायची कशी रे?

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. धाकटी शाळेत रुळली ना? वहिनींना नमस्कार.

चवथीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. तो प्रोग्रॅम स्वेवर धारदार करून दाखवलास तर भाजी-पाव माफ. नाहीच जमलं तर व्याजासकट घेईन, मिरची-भजीही त्यातच.

तुझा,
दामू